पास कोणी केलं?

दुकानात कार्डानं पैसे द्यायचं ते ओळखीचं यंत्र टेबलावर ठेवलेलं आहे. पडद्यावर ना रक्कम, ना ‘पिन टाका’ची सूचना. वरून ठोकळे पडताहेत आणि यंत्राच्याच बटणांवर कुणीतरी टेट्रिस खेळतंय. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या सार ड्रायमर आणि स्टीव्हन मर्डॉक या संशोधकांनी २००६ च्या अखेरीस हा व्हिडिओ लोकांपुढे आणला. सुरक्षा-संशोधन सामान्य माणसाला समजावणारा याहून चांगला व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही.

त्यांनी यंत्र उघडलं, आतलं बरंचसं इलेक्ट्रॉनिक्स काढून आपलं बसवलं, कवच आणि बटणं तशीच ठेवली. अशी यंत्रं उघडली की आतल्या गुप्त किल्ल्या आपोआप पुसल्या जातात आणि ती बँकेशी बोलू शकत नाहीत. उत्पादक याला सुरक्षा म्हणतात, आणि बँकेपुरती ती खरीही आहे. पण काउंटरपुढे पाकीट उघडून उभ्या असलेल्या माणसाला यंत्राचं पोट दिसत नाही. त्याला दिसतो फक्त पडदा, आणि पडदा काहीही सांगू शकतो. व्हिडिओत निवेदन नसतं तरी ठोकळे पडताना पाहून ही गोष्ट कळली असती.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी. करताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथल्या सुरक्षा-संशोधन गटात इंटर्नशिप केली. काम असं होतं: या क्षेत्रातले महत्त्वाचे शोधनिबंध घ्यायचे आणि संगणकाशी संबंध नसलेल्या माणसाला कळतील असे पाच-सहा मिनिटांचे व्हिडिओ करायचे. संहिता लिहायची, चित्रफलक काढायचे, आवाज द्यायचा, एडिटिंग करायचं, सबटायटल्स लावायची. प्रत्येक वाक्य निबंध लिहिणाऱ्याकडून किंवा त्या विषयातल्या संशोधकाकडून तपासून घ्यायचं. सांगलीहून आलेल्या, कॉलेजात गॅदरिंगच्या फिल्म्स एडिट करणाऱ्या मुलीला असं काम मिळू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. विद्यापीठांना अशा विद्यार्थ्यांची गरज पडते याचं कारण साधं आहे. ज्यांचे पैसे, ज्यांची माहिती, ज्यांचा फोन याबद्दल संशोधन चाललेलं असतं, त्या लोकांपर्यंत निबंध कधीच पोचत नाही. तो पोचतो दुसऱ्या संशोधकांपर्यंत.

माझ्या वाट्याला आलेल्या निबंधांपैकी एकावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्याचं शीर्षकच सांगत होतं की चिप आणि पिनची व्यवस्था मोडलेली आहे. लेखक मर्डॉक, ड्रायमर, रॉस अँडरसन आणि माइक बाँड, साल २०१०. तो वाचून झाल्यावर रात्री मी बाबांना फोन केला. बाबा एका नागरी सहकारी बँकेत आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेत. आधी कॅशवर, नंतर पासिंग ऑफिसर. मी दहा मिनिटं सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “ते सगळं ठीक आहे गं. पण पास कोणी केलं?”

बँकेत व्हाउचर एक जण लिहितो, दुसरा पास करतो, आणि पास करणाऱ्याची सही कागदावर असते. घोटाळा झाला की पहिला प्रश्न तोच. त्या उन्हाळ्यात मी केलेला प्रत्येक व्हिडिओ या प्रश्नावर बेतला. सुरक्षेचा कुठलाही निबंध घ्या. आकडेमोड, सांकेतिक लिपी, वायरी, सगळं बाजूला केलं की खाली हेच सापडतं. कुणीतरी ‘हो’ म्हटलं, दुसऱ्यानं त्या ‘हो’वर विश्वास ठेवला, आणि तो ‘हो’ नक्की कुणाचा होता हे तिसऱ्या कुणी तपासलं नाही.

ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात कार्ड वापरताना सहीऐवजी पिन देणं जवळजवळ सगळीकडे सक्तीचं झालं. चिपची नक्कल करणं अवघड, आणि पिन फक्त मालकाला ठाऊक. म्हणजे चोरलेलं कार्ड चोराला निरुपयोगी. आता दुकानात काय घडतं ते पाहू. तुम्ही यंत्रात कार्ड घालता आणि चार आकडे दाबता. अनेक कार्डांच्या बाबतीत हे आकडे बँकेकडे जातच नाहीत. यंत्र ते कार्डातल्या चिपला विचारतं, ‘हा पिन बरोबर आहे का?’ चिप उत्तर देते. ‘बरोबर’ या उत्तरासाठी ठरलेली खूण आहे ९०००. एवढीच खूण, तिच्यावर कुणाची सही नाही, शिक्का नाही.

केंब्रिजच्या संशोधकांनी कार्ड आणि यंत्र यांच्या मधे एक तिसरा बसवला. यंत्रात जातं ते नकली कार्ड. त्याची बारीक वायर शर्टाच्या बाहीतून पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि सॅकमध्ये लॅपटॉप, एक सर्किट बोर्ड आणि ‘चोरलेलं’ खरं कार्ड. (प्रयोगासाठी त्यांनी अर्थातच चोरीची कार्डं वापरली नव्हती.) यंत्र आणि कार्ड यांच्यातला सगळा संवाद हा मधला जसाच्या तसा पुढे पाठवतो. फक्त एका जागी तो थांबतो. यंत्र पिन विचारतं तेव्हा तो प्रश्न कार्डापर्यंत जाऊच देत नाही, आणि स्वतःच उत्तर देतो: ९०००. तुम्ही ०००० दाबा नाहीतर १२३४, उत्तर तेच.

यंत्राला वाटतं, कार्डानं पिन तपासला. कार्डाला वाटतं, या दुकानात पिन विचारतच नाहीत, सहीवर व्यवहार चाललाय. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. आणि बँक? व्यवहार बँकेकडे जातो तेव्हा कार्डाचा अहवाल सोबत असतो, आणि ‘माझ्याकडे पिन तपासला गेला नाही’ असं त्यात कार्ड खरंखरं लिहून देतं. पण तो अहवाल बँकेच्या स्वतःच्या पद्धतीनं लिहिलेला असल्यामुळे दुकानातल्या यंत्राला तो वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूनं यंत्राचा जो अहवाल जातो त्यात प्रामुख्यानं काय काय फसलं याच्या खुणा असतात. पिन तपासून बरोबर निघाला, तर तिथे काहीच नोंदलं जात नाही. आणि पिन तपासण्याचा प्रयत्नच झाला नाही, तरी काहीच नोंदलं जात नाही. दोन अगदी वेगळ्या घटनांचा कागद सारखाच कोरा.

मी इथे वाचायची थांबले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. कुठलंही अवघड गणित न फोडता, कुठलाही गुप्त आकडा न मिळवता हे सगळं झालं होतं. व्यवहार ठरवणारे नियम हजारो पानांचे. ते लिहिणाऱ्या हुशार माणसांपैकी कुणाच्याही वाट्याला पूर्ण चित्र आलेलं नव्हतं.

व्हिडिओ काढताना पहिला निर्णय घेतला तो असा की यात चोर दिसणार नाही. हॅकिंगवरच्या कुठल्याही बातमीत डोक्यावर टोपडं ओढून, अंधारात, हिरव्या आकड्यांपुढे बसलेला माणूस असतोच. तो दिसला की प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो. दोष त्या दुष्ट माणसाचा, आणि तो आपल्या गल्लीत राहत नाही. मला प्रेक्षकाची नजर व्यवस्थेवर हवी होती. म्हणून पडद्यावर तीनच पात्रं ठेवली: डावीकडे कार्ड, मधे यंत्र, उजवीकडे बँक. प्रत्येकाच्या डोक्यावर एक चौकट, ‘मला काय माहीत आहे’ अशी. संवाद पुढे सरकतो तशा तीन चौकटी भरत जातात. कार्ड आणि यंत्र यांच्यामधला तो तिसरा, पडद्यावर न दिसता, पिनच्या क्षणी बोलतो आणि तिथून पहिल्या दोन चौकटी एकमेकींशी जुळेनाशा होतात. प्रेक्षकाला तिन्ही एकदम दिसतात, पात्रांना फक्त स्वतःची. निबंधातल्या तक्त्यांची इतकी पानं वाचून मला जे कळलं होतं, ते एका गृहिणीला, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंना, त्या तीन चौकटींत कळलं. बँकेच्या चौकटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “हिच्याकडे कार्डाचा कागद होता की! वाचला का नाही हिनं?”

मार्गदर्शक बाईंशी एका गोष्टीवर बराच वाद झाला. यंत्र ज्या आज्ञेनं चिपला पिन तपासायला सांगतं त्या कमांडचं नाव आणि ९००० हा आकडा आपण दाखवावा का? त्यांचं म्हणणं, दाखवावा. निबंध जगभर उपलब्ध आहे, आकडा लपवून चोराचं काही अडत नाही, प्रेक्षकाला मात्र आपण काहीतरी झाकतोय असं वाटतं. माझं म्हणणं होतं की आकडा आला की लोक घाबरून पुढचं ऐकत नाहीत. शेवटी ठेवला, आणि त्यांचंच बरोबर निघालं असं मी आज म्हणेन. ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांच्या लक्षात राहिला तो ९०००. मात्र चित्रीकरणात वापरलेल्या आमच्या स्वतःच्या कार्डांचे आकडे प्रत्येक फ्रेममध्ये पुसायचे, हे काम बिनवादाचं आणि सगळ्यात वेळखाऊ.

निबंधात एक फोटो आहे तो मी व्हिडिओत सर्वात जास्त वेळ धरून ठेवला. चुकीचा पिन दाबून केलेल्या खरेदीची पावती. तिच्यावर छापलंय की व्यवहार पिननं पडताळला.

अशी पावती ज्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली त्यांच्यासाठी हा निबंध लिहिला गेला. कार्ड चोरीला गेलं, खात्यातून पैसे गेले, बँकेत तक्रार केली. बँक म्हणाली, आमच्या नोंदीत पिन वापरलाय, म्हणजे एकतर तुम्ही तो लिहून ठेवलात किंवा कुणाला सांगितलात. ब्रिटनमध्ये माणसं वर्षानुवर्षं ही उत्तरं ऐकत होती. नोव्हेंबर २००९ पासून तिथे लागू झालेल्या युरोपीय नियमांनी एवढं तरी मान्य केलं की पिन वापरल्याची नोंद हा गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणाचा पुरेसा पुरावा असतोच असं नाही. पण म्हाताऱ्या पेन्शनरानं बँकेपुढे ते कसं मांडायचं? प्रयोगशाळेतल्या चौघांनी ‘हे असं होऊ शकतं’ हे करून दाखवलं, तेव्हा त्या माणसाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं. रॉस अँडरसन हे आयुष्यभर सांगत होते: फसवणुकीचा तोटा ज्याच्या अंगावर पडत नाही, तो ती थांबवायला फारसं करत नाही. मार्च २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या सुरक्षा-अभियांत्रिकीच्या ग्रंथावर आधारलेली व्याख्यानं कुणालाही फुकट पाहता येतात, आणि आमच्यासारख्या इंटर्न्सचा पहिला आठवडा ती पाहण्यातच जातो.

असं संशोधन जाहीर करावं का, हा प्रश्न मला प्रत्येक प्रेक्षकानं विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. संशोधकांनी बँकांना डिसेंबर २००९ मध्येच कळवलं होतं. ११ फेब्रुवारी २०१० ला बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’वर प्रात्यक्षिक दाखवलं गेलं, ते त्यानंतर. त्याच वर्षी केंब्रिजमधल्या एका विद्यार्थ्यानं याच विषयावर प्रबंध लिहिला. कार्ड आणि यंत्र यांच्या मधे ग्राहकानं स्वतःच धरायचं, यंत्र खरोखर किती रक्कम मागतंय ते दाखवणारं छोटं उपकरण त्यानं बनवलं होतं. डिसेंबरात ब्रिटिश कार्ड-उद्योगाच्या संघटनेनं विद्यापीठाला पत्र लिहून तो प्रबंध इंटरनेटवरून काढायला सांगितलं. अँडरसन यांनी लेखी नकार दिला, आणि प्रबंध शोधायला व उद्धृत करायला सोपा जावा म्हणून तो प्रयोगशाळेचा अधिकृत अहवाल म्हणून प्रसिद्ध करायची परवानगी दिली. विद्यार्थ्याच्या मागे असे उभे राहणारे प्राध्यापक पाहिले की ऊर भरून येतो.

आता दुसरी बाजू. २०११ मध्ये फ्रान्समध्ये चोरीला गेलेली कार्डं बेल्जियममध्ये वापरली जाताना आढळली. टोळीनं चाळीसेक कार्डांत फेरफार केले होते. सुमारे सात हजार व्यवहार, सहा लाख युरोंच्या आसपास लूट. पॅरिसमधल्या संशोधकांनी, ज्यांत डेव्हिड नाकाश हे नावाजलेले तज्ज्ञ होते, न्यायालयीन तपासासाठी त्यांतलं एक कार्ड एक्स-रेखाली धरलं. मूळ चिपच्या वर दुसरी पातळ चिप चिकटवलेली होती. कार्ड किंचित जाड, यंत्रात घालायला थोडं अडखळणारं. वरची चिप पिनच्या प्रश्नाला ‘बरोबर’ म्हणत होती आणि बाकी सगळं खालच्या चिपकडे सोपवत होती. सॅकमधलं प्रयोगशाळेचं साहित्य वर्ष-दीड वर्षात एका कार्डाच्या आत मावलं. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ निबंधानं चोरांना वाट दाखवली का? मी हा भाग व्हिडिओतून वगळला नाही. ज्या निबंधाची आपण बाजू घेतोय त्याचा हा परिणाम झाकून ठेवणं प्रेक्षकाची फसवणूक ठरली असती. पण तारखा समोरासमोर ठेवा. बँकांना कळवल्यापासून टोळी सापडेपर्यंत एक वर्षाहून अधिक काळ गेला, आणि उपाय अशक्य नव्हता: कार्डाचा अहवाल आणि यंत्राचं म्हणणं शेजारी-शेजारी ठेवून ताडायचं. जिथे पिन थेट बँकेकडे तपासायला जातो, जसा एटीएममध्ये, तिथे ही युक्ती चालतच नव्हती. संशोधक गप्प बसले असते तर दोष राहिलाच असता, फक्त तो चोराला ठाऊक आणि गिऱ्हाइकाला अज्ञात राहिला असता. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही आहे.

बाकीचे व्हिडिओ इतके गुंतागुंतीचे नव्हते. इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीतला २०१४ चा हार्टब्लीड हा दोष त्याच्या रक्ताळलेल्या हृदयाच्या चित्रामुळे आधीच जगभर पोचला होता. २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी वाय-फायमधला दोष शोधला तेव्हा प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ त्यांनी स्वतःच केला होता. त्यात आम्हाला भर घालण्यासारखं थोडंच होतं. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी महामार्गावर धावणारी जीप दूरवरून इंटरनेटद्वारे थांबवून दाखवली, ती दृश्यं लोकांनी पाहिली आणि कंपनीला चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. व्हिडिओत केवढी ताकद असते ते यावरून कळतं, आणि ती जपून वापरायला हवी हेही.

सुट्टीच्या शेवटी गटानं विचारलं, तुझ्या भाषेत करशील का? मी मराठी आवृत्ती केली, पण उदाहरण बदललं. मराठी माणसाला ब्रिटनच्या पावतीचं काय? आपल्याकडे ऑगस्ट २०१८ आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातली बहुतेक रक्कम ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी काढली गेली. भारतातही काढली, त्यात कोल्हापूर होतं. एरवी एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, तिथे खातं तपासलं जातं आणि मग होकार मिळतो. हल्लेखोरांनी मधे आपला खोटा दुवा उभा केला. एटीएमच्या मागण्या मुख्य संगणकापर्यंत पोचल्याच नाहीत. खोटा दुवाच ‘द्या पैसे’ म्हणत राहिला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं. केंब्रिजच्या बाहीतल्या वायरीत आणि या खोट्या दुव्यात तंत्राचं काहीही साम्य नाही. पण माझ्या तीन चौकटी तशाच राहिल्या. डावीकडे कार्डाच्या जागी एटीएम आलं, मधे दुवा, उजवीकडे बँक, आणि बँकेची चौकट शेवटपर्यंत रिकामी.

शेवटचं मिनिट यूपीआयला दिलं. पैसे येताना पिन लागत नाही. पिन टाकणं म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम जायला आपण दिलेला होकार. ‘पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका’ म्हणणाऱ्याला तुमच्या तोंडून तो होकार हवा असतो. इथे मधे कुणी यंत्र बसवत नाही. तुम्हालाच पासिंग ऑफिसर करतात.

बाबांनी तो व्हिडिओ त्यांच्या जुन्या बँकेत, संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर, दाखवायची परवानगी काढली. मी सुट्टीवर आले होते, म्हणून मीही गेले. पाहून झाल्यावर काउंटरवरच्या एका मुलीनं विचारलं, “ताई, गिऱ्हाईक येऊन म्हणालं की पैसे मी काढले नाहीत, तर आम्ही त्याच्याकडे काय पुरावा मागायचा?” शाखाधिकारी काही बोलायच्या आत बाबांनी पिशवीतून एका परिपत्रकाचा कागद काढला. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत परिपत्रक काढलं, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात. त्यात लिहिलं होतं की चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, दोष व्यवस्थेत दुसरीकडेच आहे, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्यानं कळवलं, तर त्याच्यावर तोशीस येत नाही. आणि जबाबदारी ग्राहकाचीच होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. बाबांनी ते वाक्य पेनानं अधोरेखित करून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “त्याच्याकडे मागायचं नाही. त्याला तक्रारीची पोच द्यायची, तारीख-वेळ घालून, आणि आपल्या नोंदी काढायच्या.” तिनं कागदाचा फोटो काढला. मग शाखाधिकाऱ्यांनी विचारलं की त्यांच्या बँकेच्या कार्डाचा पिन चिप तपासते की बँक, आणि तिथे बसलेल्या कुणालाच ते सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्य कार्यालयाला तसं पत्र लिहिलं.